दंतवैद्याची वही

मराठी वाचकाला १८९७ हे साल आठवते ते पुण्यातल्या प्लेगमुळे आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्यांमुळे. त्या रात्रीच्या दहा दिवस आधी, १२ जूनला, हिंदुस्थान सरकारने एका समितीचा अहवाल मान्य केला होता. गुन्हेगारांच्या नोंदी यापुढे बोटांच्या ठशांनुसार लावाव्यात, अशी शिफारस त्यात होती. काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण असे बसवले होते की हजारो कागदांच्या चळतीतून हवा तो कागद पटकन हाती यावा. कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उभे राहिले आणि तिथली पद्धत पुढे जगभरच्या पोलिसांनी उचलली. श्रेय मात्र बराच काळ वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्याच नावावर राहिले.

ठशांची पद्धत मोठीच होती. पण बोटे जळतात. माणूस आगीत सापडला की सर्वांत आधी होरपळतात ते त्याचे हात, कारण तो हातांनीच चेहरा झाकतो, दार ढकलतो, कपडे विझवायला जातो. अशा देहाचे काय करायचे, हा प्रश्न अहवाल मान्य होण्याच्या जेमतेम साडेपाच आठवडे आधी पॅरिस शहरापुढे उभा राहिला होता.

पॅरिसमधली खानदानी कॅथलिक घराणी १८८५ पासून दर वर्षी एक धर्मादाय बाजार भरवत. ‘बझार द ला शारिते’ हे त्याचे नाव. अनाथाश्रम, रुग्णालये, निरनिराळे धर्मसंघ यांना पैसा उभा करून द्यायचा म्हणून सरदार-उमराव घराण्यांतल्या बायका स्वतः दुकानांवर उभ्या राहत आणि वस्तू विकत. १८९७ मध्ये त्यासाठी झाँ-गूझाँ रस्त्यावरच्या मोकळ्या जागेत सुमारे ऐंशी मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद अशी लाकडी शेड उभारली होती. आत मध्ययुगीन पॅरिसमधली एक गल्ली उभी केली होती. रंगवलेले कापड, पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांच्या भिंती, वर खोट्या पाट्या, आणि छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले कापड. मागे एक मोकळे आवार होते, पण ते चारी बाजूंनी उंच भिंतींत कोंडलेले.

त्या वर्षीचे मोठे आकर्षण होते सिनेमॅटोग्राफ. ल्युमिएर बंधूंचा पहिला सशुल्क खेळ पॅरिसमध्ये होऊन दीड वर्षही झाले नव्हते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे आली त्याला दहा महिने झाले होते. माणसे गाडीतून उतरताना, भिंत पाडताना दिसतात, एवढ्यानेही लोक थक्क होत. या यंत्राला प्रखर उजेड लागे. इथे तो विजेचा नव्हता. ईथरची वाफ आणि ऑक्सिजन यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडायची, कांडी पांढरीशुभ्र तापते आणि तिचा झोत पडद्यावर जातो, अशी ती योजना. ईथर संपले की दिवा पुन्हा भरावा लागे. ईथरची वाफ दिसत नाही, ती खाली साचत राहते आणि ठिणगीची वाट पाहते.

मंगळवार, ४ मे. दुपारी पोपचे राजदूत येऊन आशीर्वाद देऊन गेले. आत बाराशेहून अधिक माणसे होती, त्यांत बहुतेक बायका आणि मुली. मलमल, जाळी आणि तलम रेशमाचे उन्हाळी पोशाख, डोक्यावर फुलांच्या टोप्या. सव्वाचार वाजून गेल्यावर दिव्यातले ईथर संपले. यंत्राची खोली अंधारी होती. भरताना दिसावे म्हणून काडी ओढली गेली.

ज्वाळा पडद्याला लागली, पडद्यावरून छताच्या कापडावर चढली आणि कापडावरून शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचली. छताचे जळते तुकडे खाली माणसांच्या केसांवर आणि कपड्यांवर पडू लागले. लोक रस्त्याकडच्या दारांशी धावले. पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर पडले, आणि दारे माणसांनीच बंद झाली. काही जण मागच्या आवारात शिरले, तर तिथून बाहेर जायला वाटच नव्हती. त्या आवाराला लागून एका हॉटेलाच्या मुदपाकखान्याची गजांची खिडकी होती. तिथल्या आचाऱ्याने आणि इतरांनी ते गज तोडले आणि एकेकीला ओढून आत घेतले. दीडशेच्या आसपास माणसे त्या एका खिडकीतून जगली, असे तेव्हा सांगितले गेले. पाव तासात शेड संपली होती.

मेलेल्यांचा आकडा सव्वाशेच्या घरात गेला. पुरुष फार थोडे. यावरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांत पुढे कित्येक दिवस वाद पेटला, कारण काही सभ्य गृहस्थांनी काठ्या चालवून स्वतःची वाट काढल्याच्या हकिगती बाहेर येऊ लागल्या होत्या.

डोमिनिकन संघाचे दुकान आलाँसाँची डचेस सांभाळत होती. सोफी शार्लोट तिचे नाव. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची ती धाकटी बहीण. तरुणपणी बव्हेरियाच्या राजा लुडविगशी तिचे लग्न ठरून मोडले होते. आता ती पन्नाशीला आली होती. आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुली आणि दुकानाशी आलेली माणसे आधी बाहेर जाऊ देत, असे म्हणून ती जागची हलली नाही, अशी साक्ष वाचलेल्यांनी दिली. तिचा नवराही त्या दुपारी तिथेच होता. तो वाचला, पण ती त्याला सापडली नाही.

सापडलेले देह शाँझेलिझेजवळच्या ‘पॅले द लँदुस्त्री’ या जुन्या प्रदर्शन-भवनात नेले. १९०० च्या प्रदर्शनासाठी ती इमारत पाडायला घेतली होती. फळ्यांवर आणि चादरींवर देह रांगेने ठेवले आणि रात्री मशालींच्या आणि कंदिलांच्या उजेडात नातेवाइकांना आत सोडू लागले. नवरे, बाप, भाऊ, घरच्या मोलकरणी. चेहरे उरलेलेच नव्हते. लोक अंगठी शोधत होते, कानातले शोधत होते, चोळीचा न जळलेला तुकडा, बुटाची टाच, कंबरपट्ट्याचे बक्कल. मोलकरणींचा उपयोग जास्त झाला, कारण सकाळी मालकिणीच्या अंगावर काय चढवले होते ते त्यांनाच नेमके ठाऊक होते.

दागिन्यांवर भरवसा ठेवण्यात एक धोका आहे आणि त्या रात्री तो सगळ्यांना जाणवत होता. दागिना शरीराचा नसतो. तो गळून दुसऱ्या देहावर पडू शकतो, धक्काबुक्कीत अडकून भलत्याच हातात राहू शकतो. शिवाय ज्याचे माणूस हरवले आहे तो शांतपणे पाहूच शकत नाही. त्याला ओळख हवी असते, कोणतीही. मग तो नको त्या देहापाशी गुडघे टेकतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेकांची ओळख पटली. तिसेक देह मात्र असे राहिले की त्यांच्यापाशी थांबून कुणालाच काही सांगता येईना. आलाँसाँची डचेस त्यांच्यातच होती.

इथे या हकिगतीत एक अनपेक्षित माणूस येतो. अल्बेर हॉस हे पॅराग्वेचे वाणिज्यदूत. ते डॉक्टर नव्हते, पोलीस नव्हते. त्यांनी सुचवले की या बायकांच्या दंतवैद्यांना बोलवा. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. सगळे जण देहावर बाहेरून काय उरले ते पाहत होते. हॉस यांनी वेगळाच विचार केला: हा देह जिवंत असताना आतून कुणी पाहिला होता, आणि पाहिलेले कुणी लिहून ठेवले होते?

डचेसचे दंतवैद्य होते डॉ. आयझॅक डॅव्हनपोर्ट, पॅरिसमध्ये व्यवसाय करणारे अमेरिकन. कोणता दात काढला, कोणत्या दातात कुठल्या बाजूला सोने भरले, हे नोंदवून ठेवायची त्यांची शिस्त होती. त्या नोंदी घेऊन ते भवनात आले. एकेक जबडा तपासत गेले. एका देहापाशी थांबले, पुन्हा नोंद पाहिली, पुन्हा तोंडात पाहिले आणि ही डचेस आहे असे सांगितले. त्यांच्यानंतर इतर दंतवैद्यही आले आणि आणखी काही जणींना नावे परत मिळाली.

यातली एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात त्या वेळी आल्फाँस बर्तियों यांचे जगप्रसिद्ध खाते होते. डोक्याची लांबी-रुंदी, पावलाची लांबी, मधल्या बोटाची लांबी अशी मापे घेऊन ते माणूस ओळखत. त्यांच्या कपाटांत हजारो कार्डे होती. पण ती सगळी कार्डे अटक झालेल्यांची. झाँ-गूझाँ रस्त्यावर मेलेल्या बायकांपैकी कुणाचे माप सरकारदरबारी असण्याचे कारणच नव्हते. राजघराण्यात जन्मलेल्या बाईची एकमेव शारीरिक नोंद तिच्या दंतवैद्याच्या वहीत होती. शरीर आपण होऊन आपले नाव सांगत नाही. त्यावरची खूण आणि कुणीतरी आधी करून ठेवलेली नोंद, ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवता आली तरच नाव उच्चारता येते.

ऑस्कर आमोएदो हे नाव या प्रकरणाशी कायमचे जोडले गेले आहे. क्यूबातल्या मातान्सासमध्ये १८६३ साली जन्मलेले आमोएदो पॅरिसला येऊन दंतवैद्यकी शिकवत होते. डचेसची ओळख त्यांनीच पटवली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही, आणि त्यांनी स्वतः तसा दावाही केला नाही. त्यांनी केलेले काम वेगळे आहे आणि माझ्या मते ते कमी महत्त्वाचे नाही. ज्या दंतवैद्यांनी देह ओळखले त्यांच्या हकिगती त्यांनी ताज्या असताना गोळा केल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडल्या. १८९८ मध्ये त्यांचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला, न्यायवैद्यकातली दंतविद्या हा त्याचा विषय. त्या आधीही दातांवरून माणसे ओळखली गेली होती. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत पडलेला कनौजचा राजा जयचंद सोन्याच्या तारेने बांधलेल्या दातांवरून ओळखला गेला, असे अरब इतिहासकार इब्न अल-असीर नोंदवतो. बोस्टनमध्ये १८४९ साली झालेल्या डॉ. पार्कमन यांच्या खुनाच्या खटल्यात भट्टीच्या राखेतले कृत्रिम दात त्यांच्या दंतवैद्याने ओळखले होते. पण या सुट्या गोष्टी होत्या. आमोएदोंनी त्यांचे शास्त्र केले.

या शास्त्रात पहिल्यापासून एक मोठे भगदाड होते. ज्यांच्या तोंडात दातच नाहीत त्यांचे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न फार माणसांचा होता. चाळिशी-पन्नाशीत सगळे दात काढून कवळी बसवणे युरोप-अमेरिकेत सर्रास चाले. दात नाहीत म्हणजे भरलेले सोने नाही, काढलेल्या दातांची खूण नाही, वहीत लिहिण्यासारखे काही नाही. या प्रश्नाचे एक उत्तर, कुणी विचारण्याच्या आधीच, फिलाडेल्फियात छापून पडलेले होते. हॅरिसन ॲलन हे तिथले शरीररचनाशास्त्रज्ञ. उत्तर अमेरिकेतल्या वटवाघळांवरचा त्यांचा प्रबंध प्राणिशास्त्रात गाजलेला आहे. १८८९ मध्ये त्यांनी माणसाच्या टाळूवरच्या वळ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि माणूस ओळखायला या वळ्या कामी येऊ शकतील असे सुचवले. सूचना तशीच राहिली. ज्या वर्षी पॅरिसचा बाजार जळला त्याच वर्षी ॲलन वारले.

या वळ्या म्हणजे काय ते पाहायला आरसा लागत नाही. टाळू म्हणताना इथे डोक्यावरची टाळू नव्हे, तोंडाचे छत. जिभेचे टोक वरच्या समोरच्या दोन दातांच्या मागे लावा. तिथे एक छोटा उंचवटा लागतो. तिथून जीभ मागे सरकवली की टाळूच्या मधोमध जाणारी एक शीर जाणवते आणि तिच्या दोन्ही अंगांना आडव्या, खडबडीत रेघा लागतात. एका बाजूला साधारण तीन ते पाच. ‘चारा’ म्हणून पाहा आणि मग ‘चार’ म्हणा. पहिल्या ‘च’ला जीभ दातांच्या अगदी मागे टेकते, दुसऱ्याला किंचित मागे सरून याच खडबडीत भागावर येते. मराठी व्याकरणाने दंततालव्य आणि तालव्य असा भेद केला तो जिभेच्या या अर्ध्या बोटाच्या प्रवासावरून. त्याहून मागे टाळू वर चढते आणि गुळगुळीत होते.

गायीगुरांच्या टाळूवर या वळ्या ठळक आणि शिस्तीत रांगेने असतात, चारा धरून ठेवायला. माणसात त्या थोड्या उरल्या आणि विस्कटल्या. कुठे सरळ, कुठे नागमोडी, कुठे दोन शाखा फुटलेली, कुठे दोन वळ्या मिळून एक झालेली, क्वचित वर्तुळासारखी. उजवी बाजू डाव्या बाजूसारखी नसते. हे विस्कटलेपणच ओळखीच्या कामाचे आहे, कारण शिस्त सगळ्यांची सारखी असते. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वळ्या तयार होतात. मूल वाढते तशी त्यांची लांबी वाढते, पण ठेवण मुख्यतः तीच राहते. दात पडले तरी त्या जागेवर असतात.

आणि त्या सुरक्षित असतात. खाली जीभ, दोन्ही बाजूंना गालांची चरबी, भोवती दातांचे कुंपण, वर हाड. चेहरा जळाला तरी तोंडाच्या आतली ही जागा उष्णतेपासून बरीच वाचते. वळ्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन विन्स्लो या शरीरशास्त्रज्ञाने १७३२ मध्येच केले होते. दोनशे वर्षे त्या फक्त शरीररचनेच्या पुस्तकांत राहिल्या. ओळख पटवण्याची पद्धत म्हणून त्यांना नाव मिळाले १९३२ मध्ये, स्पेनमध्ये, त्रोबो एर्मोसा यांच्याकडून. त्यानंतर दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अर्जेंटिनात, दंतवैद्यांनी वर्गीकरणे सुचवली. बोटांच्या ठशांसारखी एक संख्या किंवा सूत्र प्रत्येक टाळूला देता यावे, ही त्यांची धडपड होती. १९५५ मध्ये स्वीडनच्या लिसेल यांनी मोजमापाची शिस्त घालून दिली. पाच मिलिमीटरहून लांब ती मुख्य वळी, तीन ते पाच ती दुय्यम, दोन ते तीन तो तुकडा. त्याहून लहान ती मोजायची नाही. आजही बहुतेक संशोधक यावरच उभारलेल्या पद्धती वापरतात. सगळ्यांना मान्य असे एकच वर्गीकरण मात्र अजून नाही. कलकत्त्यात हक आणि बोस यांनी ठशांसाठी जे केले ते टाळूसाठी कुणाला साधलेले नाही.

टाळूचा ठसा न्यायालयाच्या दारापर्यंत कसा पोचू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या एका खुनाचे आहे. तिथे टाळू उरली नव्हती. उरली होती कवळी.

फेब्रुवारी १९४९. लंडनच्या ऑन्स्लो कोर्ट हॉटेलात राहणारी ऑलिव्ह ड्युरँड-डीकन ही एकोणसत्तर वर्षांची सधन विधवा नाहीशी झाली. त्याच हॉटेलात राहणारा जॉन जॉर्ज हेग तिला ससेक्समधल्या क्रॉली गावी आपल्या कार्यशाळेत घेऊन गेला होता. तिथे त्याने तिला गोळी घातली आणि देह पिंपात टाकून वरून गंधकाम्ल भरले. देहच उरला नाही तर खून सिद्ध होत नाही, अशी त्याची समजूत होती. काही दिवसांनी पिंपातला चिखल त्याने मागच्या आवारात ओतून दिला. पोलिसांपुढे त्याने पिंपाची गोष्ट स्वतःच सांगितली. आता काहीच शिल्लक नाही, ही त्याला खात्री होती.

न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन आवारात आले. त्यांनी जमिनीवरचा तो चिखल पेट्यांत भरून लंडनच्या प्रयोगशाळेत नेला आणि तो बारकाईने चाळला गेला. पित्ताशयातले खडे सापडले. डाव्या पायाची काही हाडे सापडली. चरबीचा मोठा गोळा सापडला. आणि वरची-खालची कवळी सापडली. ती ॲक्रिलिकची होती. आम्लाने मांस आणि हाड विरघळवले तेवढ्या वेळात ॲक्रिलिकला फारसे काही झाले नव्हते.

कवळी बनवणाऱ्या दंतवैद्या हेलन मेयो साक्षीला आल्या. ही मी ऑलिव्हबाईंसाठी केलेली कवळी आहे, असे त्यांनी सांगितले. आपल्या रुग्णाच्या जबड्यांचे साचे त्यांनी जपून ठेवले होते. इथे क्षणभर थांबून कवळी कशी होते ते आठवावे. आधी तोंडाचे माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओततात. प्लास्टर सुकले की हिरड्या आणि टाळू जशीच्या तशी उभी राहते. त्या साच्यावर कवळी घडवतात. म्हणजे वरच्या कवळीच्या आतल्या बाजूला त्या एका माणसाच्या टाळूचा उलटा ठसा असतो. हेगने ऑलिव्हबाईंची टाळू नष्ट केली, पण तिचा ठसा कवळीत होता आणि त्या ठशाची जोडी दंतवैद्येच्या कपाटात होती. जुलैमध्ये लुईस इथे खटला चालला. ज्युरीला निर्णय द्यायला सतरा मिनिटे लागली. १० ऑगस्टला वाँड्सवर्थच्या तुरुंगात हेगला फाशी दिली.

पॅरिस आणि क्रॉली या दोन्ही प्रसंगांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कुणीतरी साध्या नित्याच्या कामात, खुनाचा किंवा आगीचा विचारही मनात नसताना, काळजीपूर्वक एक नोंद केली होती.

पुढच्या काळात टाळूची परीक्षा खऱ्या अर्थाने झाली, आणि तीत भारतीय संशोधक पुढे होते. २००५ मध्ये मुथुसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी भाजून मेलेल्यांच्या आणि इतर मृतांच्या टाळू तपासल्या. चेहरा खोलवर जळालेल्या देहांपैकी ९३ टक्क्यांच्या वळ्यांत बदल नव्हता; साठवून ठेवलेल्या मृतदेहांत हे प्रमाण ७७ टक्के होते. जिथे रंग किंवा आकार बदलला होता तिथेही तो उरलेल्या शरीरापेक्षा कमीच. झाँ-गूझाँ रस्त्यावरच्या त्या तिसेक देहांच्या टाळू बहुधा शाबूत असतील, असे हे आकडे वाचताना वाटल्याशिवाय राहत नाही. पण त्या ताडून पाहायला १८९७ च्या पॅरिसमध्ये कुणापाशी काही नव्हते.

टाळूच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण अलीकडे तिच्याबद्दल फार उत्साहाने लिहिले जाते. वळ्या मऊ पेशींच्या असतात. मेल्यावर काही दिवसांत त्या कुजू लागतात, दात मात्र शतकानुशतके टिकतात. दात सरळ करायला तारा बांधल्या, टाळू रुंद करणारे उपकरण बसवले, काही दात काढले, तर वळ्यांची बाहेरची टोके सरकतात. वळ्यांवरून माणूस बाई की पुरुष, कोणत्या समाजाचा, हे सांगण्याचे प्रयोग पुष्कळ झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मोठ्या दुर्घटनांत ओळख पटवण्यासाठी इंटरपोल तीन साधने मुख्य मानते: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. टाळू त्या यादीत नाही. ती आधाराला येते, विशेषतः जिथे दात नाहीत तिथे.

२००४ च्या डिसेंबरात हिंदी महासागरात त्सुनामी आली तेव्हा थायलंडच्या किनाऱ्यावर हजारो देह उष्ण हवेत पडून होते. त्यांच्या ओळखीत दंतवैद्यांचा वाटा मोठा होता. पण कुणाची ओळख लवकर पटली? युरोपातून सुट्टीला आलेल्यांची, कारण त्यांच्या गावच्या दवाखान्यांतून नोंदी आणि एक्स-रे मागवता आले. तिथल्याच मच्छीमारांच्या, मजुरांच्या तोंडात कुणी वर्षानुवर्षे डोकावलेले नव्हते. त्यांच्या घरच्यांना अधिक वाट पाहावी लागली. हे वाचून फार वाईट वाटते. पॅरिसमध्ये सरकारदरबारी नोंद चोरांची होती आणि डचेसची नव्हती. इथे नोंद पाहुण्यांची होती आणि त्या भूमीच्या माणसांची नव्हती.

आपल्याकडेही गावोगाव कवळ्या होतात. आजीच्या नाहीतर आजोबांच्या उशाशी पाण्याच्या वाटीत ठेवलेली कवळी पाहिली नाही असे घर थोडे. ती बनवताना घेतलेल्या मापाचा साचा बहुधा टाकून दिला जातो. जागा नसते, प्लास्टर जड असते, आणि काम झाल्यावर तो कशाला ठेवायचा हे कुणी सांगितलेले नसते. आता तोंडात फिरवायचा कॅमेरा आला आहे. टाळूची हुबेहूब आकृती संगणकात राहते आणि तिला कपाट लागत नाही. दक्ष दंतवैद्य ती जपतात.

झाँ-गूझाँ रस्त्यावर जिथे बाजार जळला तिथे आज एक प्रार्थनामंदिर आहे. १९०० मध्ये ते खुले झाले. ज्यांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही त्यांचे स्मारक पॅरिस शहराने पेअर लाशेजच्या दफनभूमीत उभारले. कवळीचा साचा ज्या पांढऱ्या भुकटीतून होतो तिला सगळे जग प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणते, कारण ती त्याच शहराच्या माँमार्त्र टेकडीतल्या खाणींतून प्रसिद्ध झाली. मापात ओतलेले प्लास्टर घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. सुटून बाहेर आले की मधली शीर दिसते, दोन्ही बाजूंच्या वाकड्यातिकड्या वळ्या दिसतात, आणि कामाची सवय असलेला कारागीर साचा पालथा करून बुडावर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहितो.